एका एकरातलं जेवण

कामं आटोपली का? जिचे हात पिठात आहेत तिनं भाकरी थापत ऐका, जी शेंगा फोडत बसली असेल तिनं फोडत फोडत ऐका. रेडिओचं हेच बरं असतं. आपले हात कधी मोकळे नसतात, पण कान मोकळे असतात.

आज मी तुम्हाला एका जेवणाची गोष्ट सांगणार आहे. गेल्या जानेवारीत आमच्या चार गटांतल्या तेरा जणी आणि मी, अशा चौदा बायका जेवायला गेलो होतो. लग्नाला नाही, बारशाला नाही. धाराशिव जिल्ह्यातल्याच एका गावात, एका बाईच्या शेतात, माणशी दीडशे रुपये देऊन जेवायला गेलो होतो.

दीडशे म्हटल्याबरोबर आमच्या गटाच्या बैठकीत काय गोंधळ झाला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. "भाकरी खायला दीडशे रुपये? माझ्या घरी काय भाकरी होत नाही?" असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, "ताई, येळवसला आपण रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालतो. आपल्या भागात शेतात जेवायचे पैसे घेतात का कुणी?" तिचं चुकीचं नव्हतं. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, लातूर-धाराशिवकडचं गाव ओस पडतं आणि शिवार माणसांनी भरतं. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे. त्या दिवशी ओळख नसलेला माणूससुद्धा पंगतीला चालतो. मग हे पैसे कसले?

मी त्यांना एवढंच म्हटलं, "जेवण हे निमित्त आहे. त्या बाईनं एका एकरात काय केलंय ते बघायचं आहे." शेवटी गटाच्या सहल खर्चातून निम्मे आणि ज्याच्या त्याच्या खिशातून निम्मे असं ठरलं. काळी-पिवळी जीप केली आणि कोंबून बसून गेलो.

तिचं नाव मी सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. आम्ही तिला वहिनी म्हणतो, तुम्हीही म्हणा. घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं. वाटणीत नवऱ्याच्या नावावर चार एकर जमीन आली. चारही एकरांत सोयाबीन. सोयाबीन विकायचं आणि त्याच पैशातून बाजारातून डाळ, भाजी, तेल आणायचं. आपल्यातल्या बहुतेक घरांत हेच चालतं. एका वर्षी पावसानं ताण दिला, सोयाबीन हातचं गेलं, दुकानाची खताची उधारी अंगावर राहिली. तेव्हा वहिनी नवऱ्याला म्हणाली, "तीन एकरात तुम्हाला काय पेरायचं ते पेरा. एक एकर माझ्या हातात द्या. घरात खायला काय येतं ते मी बघते." नवरा हसला, पण नाही म्हणाला नाही. त्याला आता पाच वर्षं झाली.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वहिनी म्हणाली, "आधी शेत फिरा, मग भूक लागंल." तर आधी शेतच फिरवते तुम्हाला.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यातल्या वीस गुंठ्यांत ज्वारी. पावसाळ्यात तिथं मूग होता. मूग द्विदल पीक, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरून ठेवतात. मूग निघाल्यावर त्याच रानात रब्बीची ज्वारी पेरली, म्हणजे ज्वारीला वरून खत कमी लागतं. कडेनं तुरीचे तास होते. बांधाला लागून करडई होती, आणि करडईला काटे असतात म्हणून गुरं आत शिरत नव्हती. मधे मधे जवसाच्या ओळी होत्या. सहा गुंठ्यांत हरभरा, दहा गुंठ्यांत भाजीचे वाफे. उरलेल्या चार गुंठ्यांत गोठा, गांडूळखताचा बेड, शेवगा, लिंबू, पपई आणि कढीपत्ता.

आमच्यातली एक जण म्हणाली, "वहिनी, हे तर आमची आजी करायची तसंच आहे." वहिनी म्हणाली, "मग? मी कुठं नवीन काय केलंय? आजीचंच केलंय, फक्त वहीत लिहून केलंय."

त्या वहीबद्दल पुढं सांगते. आधी औषधाचं, कारण तोच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला. वहिनी विकतचं औषध फवारत नाही. निंबोळ्या उन्हाळ्यात गोळा करून वाळवून ठेवते. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची आणि एकूण शंभर लिटर पाणी करून फवारायचं. कोवळ्या अळीवर आणि रस शोषणाऱ्या किडीवर ती हेच वापरते. टोमॅटोच्या ओळींमधे झेंडू लावलाय, कारण अळीचं पाखरू आधी झेंडूवर जाऊन अंडी घालतं. जमिनीला जीवामृत देते. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ही रीत शेतकऱ्यांत नेली, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

पण मैत्रिणींनो, सगळं गोड गोड सांगितलं तर ते खोटं होईल. वहिनीनंच सांगितलं, पहिल्या वर्षी वांग्यात शेंडे पोखरणारी अळी शिरली आणि निम्मी वांगी गेली. अळी शेंड्याच्या आत बसते, वरून काही फवारून उपयोग नाही, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. आता ती आठवड्यातून दोनदा वाफ्यातून फिरते, सुकलेला शेंडा दिसला की खुडते आणि नष्ट करते, कामगंध सापळेही लावते. पहिली दोन वर्षं ज्वारीही कमीच झाली. शेजारच्या रानातलं फवारणीचं औषध वाऱ्यानं उडून येतं, म्हणून त्या बाजूच्या दोन ओळींतला माल ती घरात घेत नाही, विकतही नाही. पाणी सामाईक विहिरीचं आहे, पाळीनं मिळतं. ठिबकसाठी गटातून पंधरा हजार कर्ज घेतलं होतं, ते फिटलं. "पण एप्रिलमधे भाजी निघत नाही, ताई. विहीरच तळ गाठती. तेव्हा मी बी बाजारातूनच आणती," असं ती सरळ म्हणाली. मला तिचं हे सरळ बोलणंच सगळ्यात आवडलं.

बारा वाजता आगटी पेटली. गोवऱ्यांच्या विस्तवात ज्वारीची कोवळी कणसं भाजली. सासूबाई गरम कणसं हातावर चोळून हुरडा काढत होत्या. त्यांच्या तळहाताला चटका कसा बसत नव्हता, देव जाणे. हुरड्याची ज्वारी वेगळी, गूळभेंडी. तिचा दाणा कोवळा असताना गोड लागतो. त्याच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ.

मग पंगत बसली. गोणपाटावर, लिंबाखाली. ताटात काय काय होतं ते सांगते, भूक लागली तर मला बोल लावू नका. चुलीवरची ज्वारीची भाकरी. तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी. काटेरी वांग्याची रस्सा भाजी. जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. पाथरीची पानं, कांद्याची पात आणि मुळा, सगळं कच्चंच. ताक. आणि शेवटी गव्हाची खीर.

पाथरी बघून आमच्यातली एक वयस्क बाई थांबली. म्हणाली, "ही मी वीस वर्षांनी खाती. आमच्या रानात तणनाशक मारतात, पाथरीबी गेली, घोळ-चिवळबी गेली." ज्या भाज्या आपण फुकट खुडून आणायचो, त्यांना आपण तण म्हटलं आणि मारून टाकलं. एवढं बोलून ती गप्प जेवू लागली, आणि आम्हीही.

जेवण झालं. आता पैसे द्यायचे. चौदा जणींचे दोन हजार शंभर रुपये मी मोजून वहिनीच्या हातात द्यायला गेले, तर सासूबाई उठल्या. "बाया आपल्या घरी जेवल्या आन् तू पैसं घेतीस? शहरातल्या लोकांचं घेतीस ते ठीक. ह्या आपल्याच हायती. अन्न इकायचं नसतं." वहिनीचा हात मागं गेला. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं. आमच्या बायकांनाही कसनुसं झालं. पैसे माझ्याच हातात.

तेव्हा आमच्या गटातली एक जण बोलली. ती मोलमजुरी करते, सही करायला गटातच शिकली. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचा मान मोठा. पण काल रोजानं कुणी बोलावलं असतं तर सूनबाईला मजुरी मिळाली असती का न्हाई? आज ती आमच्यासाठी राबली. मग आजचा रोज कुणी द्यायचा?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. वहिनी आत गेली आणि ती वही घेऊन आली.

वहीत त्या दिवसाचा हिशेब आधीच लिहिला होता. चहा, साखर, मीठ, मसाला असं विकतचं सामान दोनशे चाळीस रुपये. मदतीला दोन शेजारणी, प्रत्येकी तीनशे, म्हणजे सहाशे. घरची ज्वारी, तूर, भाजी, गहू, दूध यांची बाजारभावानं किंमत चारशे तीस. एकूण खर्च बाराशे सत्तर. दोन हजार शंभरातून तो वजा केला की आठशे तीस रुपये उरतात. वहिनी म्हणाली, "म्हणजे आठशे तीस नफा."

आमची तीच मैत्रीण म्हणाली, "शेजारणींचे सहाशे लिहिले. तुझे कुठं हायत?"

वहिनी वहीकडं बघत राहिली. आदल्या दिवशी तिनं अंगण सारवलं, निवडणं-टिपणं केलं. त्या दिवशी पहाटे चारला उठली. दोन दिवसांची मजुरी, तीनशेच्या भावानं, सहाशे. आठशे तीसमधून सहाशे गेले. नफा राहिला दोनशे तीस रुपये. पाच वर्षं इतकी नेटकी वही लिहिणाऱ्या बाईनं घरच्या कढीपत्त्याची किंमत लिहिली होती, स्वतःची नव्हती लिहिली.

मैत्रिणींनो, मला हसू नका, पण मी बी.ए. झालेली, गटांच्या वह्या तपासणारी बाई. मीही ती वही आधी पाहिली होती. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मग सासूबाईंनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "पैसं घे बाई तू. पण रिकाम्या हातानं मी कुणाला धाडणार न्हाई." आतून पुड्या घेऊन आल्या. भेंडी, गवार, दुधी, घेवडा, अंबाडी. सगळं घरचं बी, राख लावून मडक्यात ठेवलेलं. एकेकीला कुंकू लावून पदरात पुडी घालू लागल्या. आमच्यातल्या एकीचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. ओटीचं चाललंय म्हटल्यावर ती सवयीनं मागं सरकली. सासूबाईंनी तिला हाताला धरून पुढं आणलं. "तू का मागं सरलीस? बी हाय हे. पेरणारीचा हात बघतं, कपाळ न्हाई बघत." आणि तिच्या पदरात दोन पुड्या जास्त घातल्या.

येताना जीपमधे बराच वेळ कुणी बोललं नाही. एरवी आम्ही गाण्याच्या भेंड्या लावतो.

बियाण्यांवरून एक सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, तिथल्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलंय. शाळेत न गेलेल्या बाईनं गावरान बियाणं जमवलं, जपलं, बियाण्याची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या प्रत्येकीच्या घरात मडक्यातली अशी बँक होती. पण एक लक्षात ठेवा. घरी धरायचं बी गावरान वाणाचंच. संकरित बियाण्याच्या पिकातून बी धरलं तर पुढचं पीक तसंच येईल याचा भरवसा नसतो.

आता एक गोष्ट राहिली, आणि वहिनीनं ती आम्हाला निघताना, जीपजवळ सांगितली. सौर पंपासाठी ती चौकशीला गेली होती. तिथं तिला विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?" नवऱ्याच्या. "मग त्यांना पाठवा." वहिनी म्हणाली, "पाच वर्षं त्या एकराची माती मी केली, ताई. पण कागदाला मी ठाऊक न्हाई."

याच्यासाठी एक वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची चळवळ केली होती. नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी, अशी. १९९२ साली सरकारनंही लक्ष्मी मुक्तीचा निर्णय काढला. नवऱ्याच्या नावावर जमीन असेल आणि त्यानं स्वखुशीनं अर्ज दिला, तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. तलाठ्याकडं जाऊन "लक्ष्मी मुक्ती" असं नाव घेऊन विचारा. वहिनीच्या नवऱ्यानं आता अर्ज दिलाय. फेरफार अजून झालेला नाही. झाला की मी याच रेडिओवरून सांगेन.

त्या दिवशी घरी आल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि डबे मोजले. आमची तीन एकर शेती आहे. रोजच्या ताटातल्या अकरा जिनसांपैकी आमच्या रानातली किती? एक. तुरीची डाळ. बाकी दहा विकतच्या. शेतकऱ्याच्या घरातली मी, आणि महिन्याला किराणा आणि भाजीला काय जातं ते मी कधी लिहिलंच नव्हतं. लिहिलं तेव्हा नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "एवढं?" यंदा विहिरीजवळचे पाच गुंठे मला दिलेत. एक एकर नाही, पाच गुंठे. सुरुवात आहे.

आमच्या चौदा जणींचं पुढं काय झालं, तेही खरं खरं सांगते. फेब्रुवारीत सहा जणींनी परसात बी टोकलं. दोघींचं पाण्यावाचून वाळून गेलं. एकीचं शेळीनं खाल्लं. तिघींची भेंडी, गवार आणि दुधी घरात आला. त्यातली एक ती, जिच्या पदरात दोन पुड्या जास्त पडल्या होत्या. तिनं आपल्या भेंडीचं बी धरलंय आणि आता गटात वाटणार आहे. आणि वहिनीनं जेवणाचा दर दोनशे केलाय. सासूबाईच आता आलेल्यांना सांगतात, "सुनेची मजुरी धरून दोनशे."

कुणाच्या मनात असं शेतातलं जेवण सुरू करायचं असेल, तर घाई करू नका. गटानं मिळून विचार करा. अन्न विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढावी लागते. वहिनीनं काढली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. पाहुण्यांसाठी स्वच्छ संडास आणि हात धुवायला पाणी लागतं. वहिनीकडं महिन्यातून दोन-तीनदाच पाहुणे येतात, आणि तेही हुरड्याच्या दिवसांत जास्त. उन्हाळ्यात कुणी येत नाही. घर त्यावर चालत नाही. घर चालतं ते रोजच्या ताटातले जिन्नस विकत आणावे लागत नाहीत, त्यावर.

मृग आता जवळ आलाय. पेरणीचं ठरायच्या आत तीन कामं करा. एक, उद्या स्वयंपाक करताना ताटातले जिन्नस मोजा, आपल्या रानातले किती आणि विकतचे किती. दोन, जे काही कराल, पापड असो, शेळी असो, भाजी असो, त्याच्या हिशेबात आपली मजुरी पहिल्या ओळीत लिहा, शेवटी नाही. तीन, घरातला सातबारा काढून वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. त्यावर आपलं नाव आहे का बघा.

आणि पुढच्या बैठकीत येताना आपापला आकडा घेऊन या. अकरातला एक असला तरी लाजू नका. माझाही एकच होता.

चला, भाकरी करपेल. राम राम.